चिनी व जपानी कलासंग्रह, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय

मुंबई येथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलाविभागातील अतिपूर्वेकडील कलावस्तूंचा संग्रह. चिनी व जपानी कारागिरीचे निवडक नमुने महाराष्ट्रात सर्वसामान्य प्रेक्षकास पाहावयास मिळतात, ते प्रामुख्याने येथे. सर दोराबजी टाटा व सर रतन टाटा या बंधूंनी जमविलेल्या वस्तू हा या संग्रहाचा गाभा होय. चिनी मातीची पात्रे, जेडच्या कोरीव वस्तू, तपकिरीच्या कुप्या, हस्तिदंती शिल्पे, मीनाकाम, लाक्षाकाम, जपानी नेत्सुके आणि तलवारी हे त्यातील प्रमुख वर्ग असून बहुसंख्य वस्तू चीनच्या चिंग (मांचू) राजवटीतील (१६४४–१९११) आणि जपानच्या एडो (१६०३–१८६८) व मेजी (१८६८–१९१२) कालखंडांतील आहेत. हा संग्रह म्हणजे चिनी वा जपानी कलेचा समग्र इतिहास नव्हे. दोन प्राचीन कारागिरी-परंपरांचा उत्तरकाल आणि त्या काळात पूर्व आशियाशी व्यापार करणाऱ्या मुंबईची अभिरुची, या दोहोंचे दर्शन त्यात घडते. या मर्यादेतच त्याचे खरे महत्त्व आहे.

इतिहास : संग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे पंचम जॉर्ज) यांच्या हस्ते बसविण्यात आली. १९०९ च्या मुंबई अधिनियम क्र. ३ अन्वये त्याचा कारभार विश्वस्त मंडळाकडे सोपविण्यात आला. वास्तुशिल्पज्ञ जॉर्ज विटेट यांनी आखलेली इंडो-सारासेनिक शैलीची इमारत कुर्ला येथील करड्या व मालाड येथील पिवळसर दगडात बांधली असून ती १९१४ मध्ये पूर्ण झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी करण्यात आला. त्यामुळे संग्रहालय जनतेस खुले होण्यास १० जानेवारी १९२२ हा दिवस उजाडला. प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझीयम ऑफ वेस्टर्न इंडिया हे त्याचे मूळ नाव १९९८ मध्ये बदलून सध्याचे नाव देण्यात आले.

सर रतन टाटा (१८७१–१९१८) हे जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र. अलीकडील काळातील उद्योगपती रतन नवल टाटा (१९३७–२०२४) यांच्याहून ते भिन्न होत. इंग्लंडमधील ट्विकनम येथील ‘यॉर्क हाउस’ हा वाडा त्यांनी १९०६ मध्ये विकत घेतला. पाटलिपुत्राच्या उत्खननास त्यांनी दिलेले अर्थसाहाय्य सुविदित आहे. इंग्लंडमध्येच त्यांचे निधन झाले आणि त्यांचा कलासंग्रह १९२१ मध्ये संग्रहालयाकडे आला. ज्येष्ठ बंधू सर दोराबजी (१८५९–१९३२) यांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर १९३३ मध्ये संग्रहालयास मिळाला. दोन्ही संग्रहांत यूरोपीय तैलचित्रेही होती. म्हणजे अतिपूर्वेकडील वस्तू या बंधूंच्या व्यापक कलाभिरुचीचा एक भाग होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी चिनी मातीची पात्रे, जेड आणि जपानी लहान कोरीव वस्तू यांना लंडन व पॅरिस येथील कलाबाजारात मोठी मागणी होती. संग्रहाचे स्वरूप समजून घेताना ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

व्यापारी पार्श्वभूमी : पश्चिम किनाऱ्याचा चीनशी संबंध याहून पुष्कळ जुना आहे. कोकणातील चौलसारख्या प्राचीन बंदराच्या परिसरात चिनी मृत्पात्रांची खापरे सापडली आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मकाव येथे वसाहत केल्यानंतर गोव्यामार्गे चिनी पात्रे यूरोपकडे जाऊ लागली. जुन्या गोव्याच्या अवशेषांतही अशी खापरे आढळतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी कँटन (ग्वांगजो) येथे पेढ्या काढल्या. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्यांशी होणारा सागरी व्यापार चिनी शासनाने या एकाच बंदरापुरता मर्यादित केला होता. मुंबईहून कापूस आणि पुढे मोठ्या प्रमाणावर माळव्याची अफू तेथे जाई, तर चहा, रेशीम व चिनी मातीची भांडी बाहेर पडत. सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांनी या व्यापारानिमित्त चीनच्या अनेक सफरी केल्या. त्यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीतून मुंबईत रुग्णालये व शाळा उभ्या राहिल्या, तर याच व्यापारातील अफूने चीनमध्ये व्यसनाधीनता पसरविली आणि तिची परिणती पहिल्या अफूयुद्धात (१८३९–४२) झाली. पारशी घरांतील चिनी फुलदाण्या व कोरीव लाकडी सामान, चिनी भरतकामाची ‘गारा’ साडी आणि चिनी विणकामाच्या प्रभावातून सुरत येथे रूढ झालेले ‘तनछोई’ रेशमी वस्त्र ही या संबंधांची घरगुती चिन्हे होत.

टाटा घराण्याचाही या मार्गाशी निकटचा संबंध होता. जमशेटजी टाटा १८५९ मध्ये वडिलांच्या पेढीच्या कामासाठी हाँगकाँगला गेले. १८९३ मध्ये त्यांनी जपानला भेट दिली आणि त्याच वर्षी निप्पॉन यूसेन काइशा या जपानी जहाज कंपनीच्या सहकार्याने मुंबई–जपान जलमार्ग सुरू झाला. भारतीय कापसाच्या गाठी जपानी गिरण्यांना पुरविणे हे त्याचे मुख्य प्रयोजन होते. जपानही त्या काळात आपल्या कारागिरीच्या वस्तू परदेशी विकून परकीय चलन मिळवीत होता. टाटा संग्रहातील मेजीकालीन वस्तूंकडे पाहताना या परस्पर व्यापाराची आठवण ठेवणे उपयुक्त ठरते.

चिनी मृत्पात्री : ‘चिनी माती’ या मराठी शब्दातच या कलेचे उगमस्थान नमूद आहे. पोर्सेलीन हे केओलीन ही शुभ्र माती आणि फेल्स्पारयुक्त ‘चिनी दगडा’ची पूड यांच्या मिश्रणापासून बनते. सु. १,३००° से. तापमानास भाजल्यावर त्यातील दगडाचा अंश वितळून मातीच्या कणांना काचेप्रमाणे सांधतो. त्यामुळे पात्र पांढरे, अभेद्य, काहीसे पारभासी बनते आणि टिचकी मारल्यास त्यातून खणखणीत नाद निघतो. यूरोपला हे तंत्र अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत साधले नव्हते. च्यांगशी प्रांतातील जिंगदेजन हे या उद्योगाचे सर्वांत मोठे केंद्र असून ‘केओलीन’ हे नावही तेथील एका टेकडीवरून आले आहे.

निळ्या-पांढऱ्या पात्रांत कोबाल्टच्या रंगाने कच्च्या पात्रावर चित्र रेखाटून त्यावर पारदर्शक झिलई देतात आणि मग ते भाजतात. त्यामुळे रंग झिलईखाली सुरक्षित राहतो. चौदाव्या शतकात या तंत्राचा उत्कर्ष झाला, तेव्हा कोबाल्ट पश्चिम आशियातून आयात होत असे. कांग-शी (कार. १६६१–१७२२), युंग-जंग (कार. १७२२–३५) व च्यन-लुंग (कार. १७३५–९६) या तीन सम्राटांच्या काळात झिलईवरील बहुरंगी चित्रणाची परमावधी झाली. कांग-शी काळात हिरव्या छटांवर भर होता. १७२० नंतर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून मिळणारा गुलाबी रंग प्रचारात आला. तो रंग दिसणारे पात्र त्यापूर्वीचे असू शकत नाही, हा कालनिर्णयाचा एक ठोस निकष होय. ज्यांना यूरोपात ‘सेलडन’ म्हणतात ती हिरवट झिलईची पात्रे जेडशी साम्य साधण्याच्या हेतूने घडविली जात. लोहयुक्त झिलई कमी प्राणवायू असलेल्या भट्टीत भाजल्याने ती छटा येते.

क्वान-यिन आणि अवलोकितेश्वर : फूज्येन प्रांतातील दहुआ येथील निष्कलंक शुभ्र मृत्प्रतिमांत क्वान-यिन या करुणामयी देवतेच्या मूर्ती विशेष प्रसिद्ध आहेत. ही देवता म्हणजे भारतीय बौद्ध परंपरेतील बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचे चिनी रूप होय. जपानमध्ये तिला कान्नोन म्हणतात. कान्हेरी, अजिंठा आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील लेण्यांत समुद्र, अग्नी, हत्ती इ. संकटांतून भक्तांना तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला वा चितारलेला आढळतो. तो तेथे पुरुषरूपात आहे. चीनमध्ये गेल्यावर काही शतकांत, विशेषतः सुंग काळापासून, त्याचे स्त्रीरूप रूढ झाले आणि पुढे ती अपत्यदात्री देवता म्हणूनही पूजिली जाऊ लागली. पश्चिम भारतातील लेणी परिचित असलेल्या प्रेक्षकास अतिपूर्वेकडील या प्रतिमांत आपल्याच परंपरेची दूरवर झालेली वाढ ओळखता येते.

जेड : जेड या नावाखाली दोन भिन्न खनिजे येतात. नेफ्राइट हे कॅल्शियम-मॅग्नेशियमाचे सिलिकेट असून ते प्राचीन काळापासून खोतान परिसरातून चीनमध्ये येत असे. जेडाइट हे सोडियम-ॲल्युमिनियमाचे सिलिकेट असून ते ब्रह्मदेशातून (म्यानमार) प्रामुख्याने अठराव्या शतकापासून आयात होऊ लागले. गडद पाचूसारखी हिरवी छटा बहुधा जेडाइटची असते. दोन्ही खनिजे इतकी चिवट आहेत, की त्यांवर पोलादी छिन्नी चालत नाही. क्वार्ट्झ वा गार्नेट यांची वाळू पाण्यात कालवून फिरत्या हत्याराने दगड घासून झिजवावा लागतो. त्यामुळे एका लहान पात्रासही अनेक महिने लागत. जेडच्या वस्तूचे मोल ठरविताना दगडाच्या दुर्मिळतेइतकाच या श्रमाचाही विचार करावा लागतो. च्यन-लुंगच्या सैन्याने १७५९ मध्ये आजचा शिंज्यांग प्रदेश जिंकल्यावर जेडचा पुरवठा वाढला. या सम्राटास मोगल शैलीची भारतीय जेडपात्रे अतिशय प्रिय होती. त्यांच्या पातळ भिंतींची व पर्णाकृतींची स्तुती करणाऱ्या कविता त्याने रचल्या आणि चिनी कारागिरांनीही त्या शैलीचे अनुकरण केले. या कलेत भारत हा केवळ ग्राहक नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

तपकिरीच्या कुप्या : तंबाखू व तपकीर यूरोपीयांमार्फत चीनमध्ये पोहोचली. दमट हवेत तपकीर डबीमध्ये सादळते, म्हणून चिनी लोकांनी घट्ट बुचाची लहान कुपी वापरात आणली. बुचाला आतून एक चिमुकला चमचा जोडलेला असतो. कांग-शीने १६९६ मध्ये पेकिंगच्या राजवाड्यात स्थापन केलेल्या काचशाळेमुळे काचेच्या कुप्यांना चालना मिळाली. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर देऊन तो कोरून काढणे, ही त्यांतील एक वैशिष्ट्यपूर्ण पद्धती होय. जेड, अकीक, हस्तिदंत व पोर्सेलीन यांच्याही कुप्या होत. एकोणिसाव्या शतकात कुपीच्या अरुंद तोंडातून वाकड्या टोकाची लेखणी घालून आतील बाजूने उलटे चित्र रंगविण्याची प्रथा पडली. हाताच्या मुठीत मावणाऱ्या या वस्तूंत चिनी कारागिरीच्या बहुतेक सर्व माध्यमांचा परिचय होतो. त्यामुळे नवख्या प्रेक्षकाने संग्रह पाहण्यास येथूनच आरंभ करणे श्रेयस्कर होय.

मीनाकाम व लाक्षाकाम : तांब्याच्या वा काशाच्या पात्रावर धातूच्या तारेने नक्षीचे कप्पे पाडून त्यांत रंगीत काचेची ओली पूड भरतात, भाजतात व घासून समपातळीत आणतात. चिनी भाषेत या कामास मिंग सम्राट जिंगताय (कार. १४५०–५७) याचे नाव मिळाले आहे. जपानमध्ये नागोया येथील काजी त्सुनेकिची याने १८३० नंतर या कलेचे पुनरुज्जीवन केले. क्योटोचा नामिकावा यासुयुकी आणि टोकिओचा नामिकावा सोसुके या दोन नामसदृश पण परस्परांशी नाते नसलेल्या कलावंतांनी ती कळसास नेली. पहिल्याने तारेची रेषा अत्यंत नाजूक केली, तर दुसऱ्याने भाजण्यापूर्वी ती काढून टाकून चित्रासारखा परिणाम साधला.

लाक्षाकामाविषयी मराठी वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरात असलेली लाख हा एका कीटकाचा स्राव आहे. चिनी व जपानी लाक्षारस मात्र एका वृक्षाच्या खोडाला चिरा पाडून मिळणारा चीक असतो. तो कोरड्या हवेत न वाळता दमट व उबदार हवेत कठीण होतो. एकावर एक अनेक पातळ थर देऊन प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो. चीनमध्ये असे जाड लेपन कोरून काढतात, तर जपानमध्ये ओल्या लाक्षेवर सोन्याची भुकटी भुरभुरून ‘माकी-ए’ पद्धतीची चित्रे साकारतात.

नेत्सुके, तलवारी व सात्सुमा पात्रे : जपानी किमोनो या वस्त्रास बाहेरून खिसे नसत. त्यामुळे औषधांची डबी, तंबाखूची पिशवी इ. वस्तू दोरीने कमरपट्ट्याला लोंबकळत ठेवीत. दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकास जो लहान अडसर अडकवीत तो नेत्सुके होय. दोरी ओवण्याची दोन छिद्रे ही त्याची खूण. कमरेजवळ टोचणार नाही, तुटणार नाही आणि स्वतंत्रपणे उभाही राहील, अशा अटी सांभाळून कारागिरांनी हस्तिदंत व लाकूड यांत प्राणी, गृहस्थ, भुते व दंतकथांतील पात्रे कोरली.

१८६८ च्या मेजी सत्तांतरानंतर पाश्चात्त्य पोशाख व सिगारेट यांचा प्रसार झाल्याने नेत्सुकेचे प्रयोजन संपत गेले. १८७६ च्या हुकुमाने सामुराईंना जाहीरपणे तलवार बाळगण्यास मनाई झाली आणि तलवारींच्या मुठी व परज घडविणारे निष्णात धातुकार एकाएकी निरुद्योगी झाले. त्यांनी फुलदाण्या व शोभेची पात्रे घडविण्यास सुरुवात केली. पॅरिस (१८६७) व व्हिएन्ना (१८७३) येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांमुळे या मालास पाश्चात्त्य बाजारपेठ लाभली. पिवळसर, बारीक तडे गेलेल्या झिलईची सात्सुमा पात्रे याच काळात विपुल प्रमाणावर निर्यात झाली. त्यांचा मूळ उद्योग सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरियातून आणलेल्या कुंभारांनी क्यूशू बेटावर उभारला होता. अत्यंत कुशल कामाबरोबर घाईने केलेले भडक कामही निर्यात होत असल्याने या वर्गातील वस्तू एकेक पारखून घ्याव्या लागतात.

मूल्यमापन : चीनच्या विद्वद्वर्गाच्या मते सुलेखन व चित्रकला या सर्वोच्च कला आणि प्राचीन काशाची यज्ञपात्रे सर्वाधिक पूज्य होत. पोर्सेलीन, मीनाकाम वा तपकिरीच्या कुप्या यांची गणना ते कारागिरीत करीत. जपानमध्येही चित्रगुंडाळ्या, मंदिरांतील काष्ठमूर्ती आणि चहाविधीसाठीची साधी, खडबडीत पात्रे यांना मानाचे स्थान आहे. टाटा संग्रहाचा भर या क्षेत्रांवर नाही. पाश्चात्त्य संग्राहकांप्रमाणेच या बंधूंना घडणीचे कौशल्य, मौल्यवान माध्यम आणि सजावट यांचे आकर्षण होते. त्यामुळे केवळ या दालनावरून चिनी कला अलंकारप्रचुर असते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उलट, उत्तरकालीन व बाजारासाठी केलेली म्हणून ही कारागिरी हीन मानणेही तितकेच अन्यायाचे होईल. राजाश्रय व जुने ग्राहक गमावलेल्या कारागिरांनी नव्या परिस्थितीत आपले कसब कसे टिकविले, याचा हा अव्वल पुरावा आहे.

कालनिश्चिती हा या वस्तूंच्या अभ्यासातील सर्वांत अवघड प्रश्न होय. चिनी पात्रांच्या तळाशी बहुधा राजवटीचे व सम्राटाचे नाव सहा अक्षरांत असते, परंतु ते नेहमीच खरे नसते. कांग-शी काळातील कुंभार पूर्वसूरींविषयीच्या आदराने मिंग सम्राट छंग-हुआ (कार. १४६४–८७) याची मुद्रा आपल्या पात्रांवर उमटवीत. एकोणिसाव्या शतकात हेच काम फसवणुकीसाठीही झाले. म्हणून मुद्रेपेक्षा मातीचा पोत, तळकडेची घडण, झिलईतील बुडबुडे आणि रंगांची रासायनिक घटना यांवर अभ्यासक अधिक विसंबतात.

जतन : मुंबईची दमट व खारी हवा आणि ऋतूंनुसार बदलणारी आर्द्रता या संग्रहास प्रतिकूल आहे. हस्तिदंत आर्द्रतेने फुगतो व कोरडेपणाने तडकतो. लाक्षालेप आणि आतील लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावत असल्याने लेपाचे पापुद्रे निघतात, तर प्रखर प्रकाशाने त्याची चकाकी कायमची नष्ट होते. पोलादी पात्यांना गंजाचा धोका असतो. स्थिर आर्द्रता व मंद प्रकाश हे या सर्वांवरील मुख्य उपाय होत. संग्रहालयाचे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे. हस्तिदंती वस्तूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे : १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय करारान्वये आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला आणि भारतातही १९९१ च्या कायदेदुरुस्तीने आयात हस्तिदंताच्या व्यवहारास मनाई झाली. ज्या कलेसाठी हत्तींचा संहार झाला, ती कला त्या स्वरूपात पुन्हा होणे इष्टही नाही. त्यामुळे जुने नमुने सांभाळण्याची जबाबदारी अधिकच वाढते.

भारतातील अन्य संग्रहांत बडोदे येथील सयाजीराव गायकवाड यांनी स्थापिलेले वस्तुसंग्रहालय आणि हैदराबाद येथील सालारजंग वस्तुसंग्रहालय यांतील चिनी-जपानी दालने उल्लेखनीय आहेत. पहिल्यामागे संस्थानिकाची, दुसऱ्यामागे निजामाच्या दिवाण घराण्याची, तर मुंबईच्या संग्रहामागे व्यापारी-उद्योजक घराण्याची संग्राहकवृत्ती आहे. खाजगी दिवाणखान्यांसाठी विकत घेतलेल्या वस्तू मुंबईत सार्वजनिक मालकीच्या झाल्या आणि पूर्व आशियात कधीही न गेलेल्या असंख्य प्रेक्षकांना तेथील कारागिरांचे हात त्यांतून ओळखता आले, हे या देणगीचे स्थायी फलित होय.